लखूला उत्तर

लखूचं पत्र महाबळेश्वर मास्तरांना आजही तोंडपाठ होतं. उत्तर मात्र त्यांनी कधी धाडलं नव्हतं. दिग्गीच्या शाळेत त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मनात घेऊन लखू स्वतःच्या शोधात दूरच्या मठात गेला होता. त्या गोष्टीतला शिष्य शेवटी गुरूला विचारतो, "आता घरी परतू का?" आणि गुरू गप्प राहतो. लखूनंही पत्रात तेच विचारलं होतं, "गुरुजी, आईकडं परत येऊ का? तुम्ही सांगाल तसं."

गोष्टीतला गुरू गप्प का राहिला, हेच मास्तरांना उमगलेलं नव्हतं. पोराला चुकीचं सांगायला नको म्हणून ते पोथ्या चाळत बसले, आणि वर्षं निघून गेली. शेजारी लखूची आई फुला थकत चालली. "मास्तर, तुमच्या गोष्टीनं नेलेलं प्वार तुमीच बोलवा की!" ती म्हणायची.

अखेर या माघात, ती उळवीच्या जत्रेला गेली असताना, त्यांनी एवढंच लिहिलं, "बाळा, मला अर्थ कळला नव्हता. तू घरी ये." आणि पाकीट नाक्यावरच्या लाल पेटीत टाकलं.

तेवढ्यात जत्रेची बस आली. फुला उतरली आणि तिनं त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"मास्तर, लखूच्या मठातली मानसं भेटली. त्यो आता कुनाचं पत्रच फोडत न्हाई म्हनं. 'माझ्या गुरूनं न बोलताच उत्तर दिलं,' असं समद्यास्नी सांगतोय."