मामाच्या दारातला बिघाड

बाबांची लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल चिरंजीवांनी खटपटीने पुन्हा उभी केली, पण चालवायला काढली की ती नेमकी मामाच्या दारात बंद पडायची. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना एवढं बघितलं, की पुन्हा मुकाट सुरू. कार्बुरेटर खोलून झाला, प्लग बदलला, कॉइल बदलली, बोटांची सालं निघाली. रविवारी मित्रांबरोबर घाट चढायचा होता आणि गाडी गल्ली ओलांडायला तयार नव्हती.

मामा गॅलरीतून विचारायचे, "आलात भाचेबुवा? चहा टाकायला सांगू?"

आईने आणखी मीठ चोळलं. "लग्नाआधीपासून हीच रड आहे तिची. आमच्या दारात यायची आणि बसायची. यांना पाणी नेऊन द्यायचं काम माझं."

"उद्या भंगारातच देतो," म्हणत चिरंजीवांनी पाना आपटला.

तेव्हा कुठे बाबांनी पेपर खाली ठेवला. शिवणाच्या डब्यातली जाड सुई आणून त्यांनी टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक टोकरलं. आतून लाखेचा कडक खडा निघाला.

"हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? आता जा."

गाडी मामाचं दार ओलांडून पार हायवेपर्यंत जाऊन आली. चिरंजीवांचा संताप मात्र उतरला नव्हता.

"पण हे भोक बुजवलं कुणी?"

बाबांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं.


"हळू बोल. तिला अजून वाटतं, गाडीच खराब होती."