तिसऱ्या खेपेला

१९८७ साली आमच्या महिला मंडळाची रीत ठरलेली होती. मारकुट्या नवऱ्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा आणि बायकोची ओटी भरून तिला घरी पोचवायचं.

द्वारका तिसऱ्यांदा आली. मी खण-नारळ काढू लागले, तर म्हणाली, “ताई, ओटी नको. इथंच राहू द्या.”

“ही काय धर्मशाळाय? शिवणवर्ग कुठं भरवू, तुझ्या उशाशी?” अध्यक्ष मालूताई कडाडल्या.

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी शिलाई मशिनं भिंतीकडे सरकवली आणि सतरंजी अंथरली.

मालूताईंनी राजीनामा देऊन भजनी मंडळ काढलं. द्वारका आमच्या शिवणवर्गाच्या खोलीतच चार वर्षं राहिली, पुढे अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली. तिच्याआधी परत पाठवलेल्या बहुतेकजणी पुन्हा आल्या नाहीत. त्या सुखात असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.