दुपट्ट्याखालचा भाव

दुपट्ट्याखाली बोटं चारच लागली.

रुपरावांना वाटलं, आपलाच काही घोटाळा झाला. नागपूरच्या मिरचीबाजारात भाव तोंडाने बोलत नसत. शेतकऱ्याच्या तळहातावर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली व्यापाऱ्याने बोटं टेकवायची. एका बोटाला शंभर. कोणाला किती मिळाले ते दुसऱ्याला कळायचं नाही, आणि सगळ्यांचीच इभ्रत शाबूत राहायची.

पण वामनरावांच्या पोटात गोष्ट कधी राहिली आहे? दोघेही भिवापूरचे, शेताला शेत लागून. सकाळी दुसऱ्या एका व्यापाऱ्याला आपली मिरची विकल्यावर वामनराव हात उंच करून भर बाजारात ओरडले होते, "पुरा पंजा भेटला गा रुपराव! पाहू आता तुले किती भेटते!" आता ते समोरच रिकाम्या पोत्यावर बसून रुपरावांचं तोंड न्याहाळत होते.

रुपरावांनी नकारार्थी मान हलवली. नेहमीचे कृष्णकांत शेठ आज पलीकडच्या ढिगावर होते; इथे त्यांचा धाकटा भाऊ रविंद्र होता. पंचविशीचा, बाजारात नवा. सकाळपासून उजवा हात कोटाच्या खिशात घालून फिरत होता. सौदा उजव्याच हाताने करायचा, म्हणून तो दुपट्ट्याखाली तेवढा काढला होता. ओशाळं हसत त्याने पुन्हा बोटं टेकवली, या वेळी चांगली दाबून.

चार.

वामनराव फिस्सकन हसले. रुपरावांच्या मस्तकात तिडीक गेली.

"वामनरावाले पाच अन् मले चार? माही मिरची काय उकिरड्यावरची हाय?"

अख्खा बाजार वळून पाहू लागला. सौदा चालू असताना भाव असा ओरडून कोणी कधी सांगितला नव्हता.

"काकाजी, ऐका तर..." रविंद्र म्हणाला. तोवर रुपरावांची बैल हाकायची काठी त्याच्या कपाळावर बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा तो मिरचीच्या ढिगावर कोसळला आणि पुन्हा हलला नाही.

कृष्णकांत शेठ पलीकडून धावत आले. त्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं. धोतर लाल होत गेलं.

"काहून मारलं, रुपरावजी? पुरा पंजा दे म्हणून मीच सांगतलं होतं त्याले!"

रुपरावांच्या हातून काठी गळाली. दुपट्टा केव्हाच सरकला होता. रविंद्रचा उजवा हात मिरचीवर उताणा पडला होता, अजून सगळा पसरलेला. करंगळीच्या जागी जुना, भरून आलेला वण होता.

अंगठा धरून बोटं मुळात चारच होती.