बिनदुधाची पावडर

"दूध नको," आई म्हणाली. "दुधाचा अंश असलेलं काहीच नको."

लेकीने हातातला डबा परत फळीवर ठेवला. डब्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. काउंटरमागचा दुकानदार हुबेहूब त्याच्यासारखा दिसत होता, फक्त पोट तेवढं स्वतःचं.

"मॅडम, सगळ्यात जास्त हीच जाते," तो म्हणाला. "जिमची सगळी पोरं हीच नेतात."

"व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन. दुसरी दाखवा."

आई चष्मा घरी विसरली होती आणि डब्यांवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून तिने लेकीला फोन करून बोलावून घेतलं होतं. लेक दातांची डॉक्टर. दुपारचे पेशंट पुढे ढकलून आली होती, पण कुरकूर नव्हती. बाबा गेल्यापासून आईने कशातच एवढा रस घेतला नव्हता. अलीकडे मात्र ती सकाळी फिरायला जायला लागली होती, केस छान कापून घेतले होते. आणि आता धाकट्याच्या जिमचं खूळही तिने मनावर घेतलेलं दिसत होतं.

धाकटा म्हणजे लेकीचा भाऊ. तो आईजवळ राहायचा आणि महिनाभर आरशासमोरून हलत नव्हता.

"कधीपासून दूध पचेनासं झालं?" लेकीने विचारलं.

"पोट बिघडतं. पण सांगायचं नाही, मुकाट सोसायचं, असा स्वभाव."

"धाकटा आणि मुकाट?" लेक हसली. "जिमने चमत्कारच केला म्हणायचा."

आईने घाईने दुसरा डबा उचलला. "यात काय आहे बघ गं."

"सोया."

"नको. अंगावर पित्त उठतं."

तिसऱ्या डब्यावर घटकांच्या यादीत पहिलीच साखर होती. "जे सगळ्यात जास्त, ते आधी लिहितात," लेक म्हणाली. "याने ताकद काही येणार नाही, माझे पेशंट तेवढे वाढतील." चौथ्यावरचं एक नाव वाचताना तीच दोनदा अडखळली.

"तुलाही वाचता येत नाही ते कुणाच्या पोटात कशाला घालायचं?" आई म्हणाली.

दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला, स्टूल ओढलं आणि अगदी वरच्या फळीवरून एक साधासा डबा काढला. फुंकर मारून धूळ उडवली. "ही फारसं कुणी नेत नाही. चव मातकट आहे."

लेकीने वाचलं. वाटाण्याचं प्रोटीन, तांदळाचं प्रोटीन, कोको, मीठ. बस, एवढंच.

"हीच द्या," आई म्हणाली. "चवीचे काही नखरे नाहीत."

"मग मीपण एक नेते, अप्पांना," लेक म्हणाली. "ही पहिली, व्हेवाली. त्यांना दूध चालतं. रोज संध्याकाळी पेलाभर घेतात, एक थेंब ठेवत नाहीत."

अप्पा तिचे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा बोटीवर, वर्षातले अर्धे महिने बाहेर. थंडीत अप्पांना न्यूमोनिया झाला तेव्हा आईच दुपारभर येऊन त्यांच्याजवळ बसायची, म्हणून लेकीचा दवाखाना चालू राहिला. त्या दुखण्यातून अप्पा उठले, पण अंग काही भरलं नाही.

"राहू दे," आई म्हणाली.

"का?"

"आधी विचार तरी त्यांना. माणसाला न विचारता कसले डबे आणतेस?"

लेकीला ते पटलं.

आईला सोडायला ती घरी गेली तेव्हा धाकटा फ्रिज उघडून उभा होता. दुधाचं भांडं तोंडाला लावून त्याने घटाघट अर्धं संपवलं आणि मनगटाने ओठ पुसले.

"अरे! तुला पचत नाही ना?"

"कुणी सांगितलं? रोज लिटरभर पितो." त्याने आईच्या हातातला डबा पाहिला. "हे काय? माझ्यासाठी नसेल ना? मी अंडी खातो, बाई."

आई डबा घेऊन आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं.

लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. आई चहा बिनदुधाचाच पिते. जिना चढताना मध्ये थांबते. पावडर तिने स्वतःसाठीच घेतली होती आणि मुलांनी काळजी करू नये म्हणून ताकास तूर लागू दिली नव्हती. लेकीचे डोळे भरून आले. आईने स्वतःसाठी काही घेतलेलं तिला आठवतच नव्हतं. निघताना तिने आईला नुसती घट्ट मिठी मारली.

घरी अप्पा शब्दकोडं सोडवत बसले होते. तिने रोजच्यासारखा दुधाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"अप्पा, आज आईची चोरी पकडली मी."

अप्पांचं पेन थांबलं. "सांगितलं तिने?"

"ती कसली सांगतेय! माझं मलाच कळलं. पावडरच्या दुकानात."

"आणि..." अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुला राग नाही आला?"

"राग? उलट इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळा जन्म दुसऱ्यांचं करण्यात गेला तिचा. आता कुठे मनासारखं जगायला लागली आहे. आम्ही आडवे येऊ की काय?"

अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जे तिने लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी दुधाचा पेला अलगद तिच्याकडे सरकवला.

"मग हे आता तूच पिऊन टाक. मला दूध कधीच सोसलं नाही गं, पण तुला सांगायचा धीर आम्हा दोघांनाही होत नव्हता."