भाऊजींचं मत

“चिडायचंच असेल तर समोर जाऊन चीड. लिहून भांडू नकोस,” आई म्हणाली होती. लेकीनं ते हसण्यावारी नेलं. आईला फोनवर टाइप करायचा कंटाळा, एवढाच अर्थ तिनं लावला.

आणि आता एका हातानं बाळाला भरवत, दुसऱ्या हातानं ती मोठ्या दिरांशी भांडत होती. सलग नववा दिवस.

भाऊजी प्रोग्रॅमर. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहायचे, काम घरूनच. जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्यांचं एक मत असायचं आणि घरातला प्रत्येक जण ते मागायचा. आत्तेसासूबाईंनी फोन कुठला घ्यावा, भाचीनं कुठला कोर्स करावा, प्रिंटर का रुसलाय. पूर्वी ते करवादायचे, “मी काय दुकान उघडलंय?” गेल्या दोन महिन्यांत मात्र सुतासारखे सरळ झाले होते. घरच्या ग्रुपवर प्रश्न पडायचा अवकाश, उत्तर हजर.

“दादा निवळला हं,” नवरा कौतुकानं म्हणायचा.

“तुमच्यासाठी निवळले असतील. माझ्यासाठी नाही.”

तिला पहिला प्रोग्रॅम भाऊजींनीच शिकवला होता, लग्नानंतरच्या नव्या दिवसांत, जेवणाची ताटं बाजूला सारून. मग दिवस राहिले, नोकरी सुटली, बाळ झालं. दोन वर्षांनी आता एक चांगली नोकरी चालून आली होती आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिला त्यांच्याकडून ‘जमेल तुला’ एवढंच ऐकायचं होतं. म्हणून तिनं विचारलं, तर उत्तर आलं:

“दोन वर्षांचा खंड पडला की कोड लिहिणाऱ्याचा हात गंजतो. सोपं काहीतरी बघावं.”

ती तडकलीच. “गंजतो? बाळाला मांडीवर घेऊन मी रोज नवं शिकतेय, ते गंजणं का?”

“नव्याची घाई करू नये. निम्मं नवं वर्षभरात मोडीत निघतं.”

“मी जगाचं नाही विचारलं, माझं विचारलंय!”

“मत म्हणजे अनुभव. बाकी सगळी जाहिरात.”

तिनं फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. “बघ. वाच. ही काय बोलायची रीत झाली?”

“अगं, तो आहेच तसा. पण उत्तरं तरी देतोय ना! माझ्याशी जन्मात एवढा बोलला नसेल.”

“फोन लाव त्यांना. आत्ताच्या आत्ता.”

“तो उचलतो होय?”

ते खरंच होतं. न विचारता फोन करणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात चपला घालून शिरणं, हे भाऊजींचं सर्वांत जुनं मत. घरात सगळे ते मुकाट पाळायचे.

मुळात ती काळजीखोर. बाळ जरा जास्त झोपलं की नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. पाळण्यावर कॅमेरा बसवला होता, तो स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी बघायची. त्या दुपारी तिनं खोचकपणे लिहिलं, “आता म्हणा, कॅमेरासुद्धा चुकीचाच घेतला.”

“कॅमेरा नुसता बघतो, उचलून घेत नाही.”

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. नोकरीपर्यंत ठीक होतं. आता आईपणही काढायचं?

शुक्रवारी सकाळी तिनं बाळाला टोपी घातली, कडेवर घेतलं आणि बस पकडली. वाटेत मनात वाक्यं घोटत होती. तुम्ही स्वतःला समजता कोण? शिकवलंत म्हणजे विकत घेतलंत? तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, पण राग तसूभरही उतरला नव्हता.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दाराला कान लावला तर आतून कॉम्प्युटरच्या पंख्याची बारीक घरघर येत होती. म्हणजे होते घरात.

तिनं लिहिलं, “दारात उभी आहे. दार उघडा.”

उत्तर तत्काळ आलं. “दाराला फोनवर चालणारं कुलूप कधीही घेऊ नका. बॅटरी संपली की मालकच बाहेर.”

“थट्टा करताय माझी?” तिनं तळहातानं दार बडवलं. बाळ दचकून रडायला लागलं. “बाहेर या! तोंड दाखवा!”

खालच्या मजल्यावरून घरमालकीण हात पुसत वर आली. “कोण हवंय?”

“माझे दीर. आत बसून मजा बघताहेत. हे बघा, आत्ता उत्तर दिलंय!”

घरमालकिणीनं फोनकडे पाहिलंच नाही. ती बाळाकडे बघत राहिली.

“त्यांना दवाखान्यात नेऊन बारा दिवस झाले, बाई. भिंत धरत धरत जिना उतरले, फोन नि किल्ली आतच राहिले, दार मागे आपोआप लागलं. घरच्यांचे नंबर विचारले तर एकही पाठ नाही. शुद्ध होती तोवर एकच घोकत होते, ‘माझ्या जागी उत्तरं द्यायला प्रोग्रॅम बसवलाय मी. तो बंद करा. तो गप्प झाला की घरचे येतील.’ मला वाटलं, तापात बडबडताहेत.”

“आता कुठे आहेत ते?”

“गेले ते, बाई. परवापर्यंत देह ठेवला होता दवाखान्यानं. कुणीच आलं नाही म्हटल्यावर…”

तिच्या मुठीत फोन थरथरला. ग्रुपवर नणंदेनं हेडफोनबद्दल काहीतरी विचारलं होतं. भाऊजींचं उत्तर आलंसुद्धा होतं.

तुमच्या घरातही असा एक जण असेल, ज्याला सगळे सगळं विचारतात. त्याला मेसेज करू नका. उठा, आणि जाऊन बघून या.