मांड

"पाठ सरळ! नजर वर!" रिंगणाच्या मधोमध उभी राहून केतकी ओरडली. घोड्यावरच्या शेलार उस्तादांनी मुकाट्याने पाठ ताठ केली. तिच्या लहानपणी हेच शब्द ते तिच्यावर ओरडायचे.

आज ते या तबेल्यात नोकरी मागायला आले होते. नव्या ट्रेनरला रिकिबीत पाय न घालता घोडा पळवून दाखवावा लागे. ती चाचणी हेड ट्रेनर केतकी घेई. मघाशी मालकांनी विचारलं, "ओळखता यांना?" तेव्हा ती उस्तादांसमोरच "नाही" म्हणाली होती. आपण परदेशात शिकलो, असं तिनं मालकांना सांगून ठेवलं होतं.

चाचणी संपली. दुखरा गुडघा सांभाळत उस्ताद उतरले.

"वा! घोड्यावरची मांड अगदी आमच्या मॅडमसारखी," मालक म्हणाले.

केतकीची मान खाली गेली.

"मॅडमची सर मला कुठून येणार, साहेब?" उस्ताद म्हणाले. "शिकेन त्यांच्या हाताखाली."