चिंगीच्या स्वप्नातलं जंगल

वनरक्षक गावितांनी झोपलेल्या चिंगीच्या डोक्यावर बारीक जाळीची टोपी बसवली आणि तिची तार स्वप्न दाखवणाऱ्या छोट्या पडद्याला जोडली. पाळलेल्या प्राण्याच्या स्वप्नात जंगल दिसलं, की त्याला जंगलात सोडायचं, असा नवा कायदा होता.

"खुशाल बघा," लीलाताई म्हणाल्या. "या शेकरूचे डोळेही उघडले नव्हते, तेव्हापासून कापसाच्या बोळ्याने दूध पाजलंय. हिला दिसलंच तर माझं स्वयंपाकघर दिसेल."

पडद्यावर हिरवा अंधार हलला. उंच झाडं, जाड वेली, फांदीवरून फांदीवर झेपावणारी शेकरं. लीलाताईंचा चेहरा उतरला.

"नेऊ नका हो, भाऊ. घरात दुसरं कोण आहे मला?"

गावित निरखून बघत होते. पडद्यावरच्या झाडांमागे एक जोडसुळका दिसत होता. तोच सुळका खिडकीबाहेर, समोरच्या इमारतींच्याही वर उभा होता.

"ताई, हे जंगल इथलंच आहे. तुमची सोसायटी व्हायच्या आधीचं."

"मग राहू दे की तिला इथंच!"

तेवढ्यात चिंगी उठली. अर्धवट झोपेतच ती सातव्या मजल्याच्या बाल्कनीत धावली, कठड्यावर चढली आणि समोर फांदी असावी तशी तिने रिकाम्या हवेत झेप घेतली.